लक्ष कोणाच्या मालकीचें?

हल्लीं चार सुशिक्षित माणसें एकत्र जमलीं कीं एक तक्रार हटकून निघते. “आजकालच्या मुलांचें कशांत लक्षच लागत नाहीं!” ही तक्रार करणारे गृहस्थ बहुधा पन्नाशीच्या आसपासचे असतात, त्यांच्या घरीं दोन कपाटें भरून पुस्तकें असतात, आणि तक्रार चालू असतांना त्यांच्या हातांतील मोबाईलच्या कांचेवरून त्यांचा आंगठा सारखा खालून वर फिरत असतो. परवां एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत आम्हीं हाच देखावा पाहिला. यजमानांनीं चिरंजीवांच्या अभ्यासाची हकीकत सांगण्यास आरंभ केला. मध्येंच फोन वाजला नाहीं, नुसता उजळला. यजमानांनीं त्याकडे पाहिलें, ते हंसले, एक चित्र आम्हांस दाखविलें, आणि “हं, काय म्हणत होतों मी?” असें विचारलें. ते काय म्हणत होते हें आम्हांसहि आठवेना. कारण एव्हांना आमचाहि हात आमच्या खिशाकडे गेला होता.

ही गोष्ट आम्हीं कोणाच्या उपहासासाठीं सांगितली नाहीं; तसें असतें तर स्वतःचें नांव तींतून वगळलें असतें. परंतु लक्ष गेलें म्हणून कपाळास लागणारा हात आणि लक्ष घालविणारा हात हे दोन्ही एकाच माणसाचे असतील, तर त्या शोकाची किंमत ती काय? प्रस्तुत विषयावर आज दोन पक्ष दिसतात. पहिला शोक करणारांचा: त्यांच्या मतें मनुष्याची एकाग्रतेची शक्तिच नष्ट झाली. दुसरा निश्चिंतांचा: त्यांच्या मतें असली ओरड प्रत्येक पिढी करते, तेव्हां तिकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकले आहेत, आणि दोघांची चूक एकच आहे. लक्ष कोणी घेतलें, कशासाठीं घेतलें, आणि तें देणारा कोण, हे तीन प्रश्न दोघांपैकीं एकहि पक्ष विचारीत नाहीं.

शोकपक्षाचा आवडता दाखला म्हणजे सोनमासा. माणसाचें लक्ष आतां फक्त आठ सेकंद टिकतें, कांचेच्या भांड्यांतील सोनमाशाहूनहि कमी, हें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलें आहे. व्याख्यानांत तें सांगितलें जातें, लेखांत तें छापलें जातें, आणि ऐकणारे माना डोलवितात. या आंकड्याचा उगम शोधूं गेल्यास आपण मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या कॅनडांतील शाखेनें २०१५ सालीं जाहिरातदारांसाठीं काढलेल्या एका अहवालापाशीं येऊन पोंचतों. आणि त्या अहवालाच्याहि मागें जाऊं लागल्यास हातास एकहि प्रयोग लागत नाहीं. पत्रकारांनीं पुढें ही गोष्ट उघड केली, तरी वाक्य जगभर फिरतच राहिलें. मौज ही कीं, ‘हल्लीं कोणी नीट वाचीत नाहीं’ म्हणून जे हळहळतात, त्यांनींच हें वाक्य नीट न वाचतां पुढें ढकललें.

वस्तुतः ती शक्ति मेलेली नाहीं. पुण्याच्या सदाशिव पेठेंतील कोणत्याहि अभ्यासिकेंत सकाळीं जाऊन पाहावें. स्पर्धापरीक्षेसाठीं खेड्यापाड्यांतून आलेलीं मुलें-मुली एका अरुंद टेबलापाशीं रात्रीपर्यंत पाठ न हलवितां बसलेलीं दिसतील. आषाढीच्या आधीं आळंदीहून वा देहूहून निघालेला वारकरी जवळजवळ तीन आठवडे एका नामाच्या आधारानें चालतो. ज्या तरुणास चार पानें वाचवत नाहींत म्हणून आपण बोल लावतों, तोच तरुण कसोटी सामन्याचा पांचवा दिवस शेवटच्या चेंडूपर्यंत पाहतो. तेव्हां शक्ति नष्ट झाली हें म्हणणें खोटें तर आहेच, पण तें सोयीचेंहि आहे. कारण जी वस्तु कायमचीच गेली, तिच्यासाठीं कोणाला कांहीं करावयास नको!

मग बदललें तें काय? बदलली ती संवय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील विदुषी ग्लोरिया मार्क यांनीं माणसें संगणकापुढें बसून प्रत्यक्ष काय करतात हें कित्येक वर्षें मोजलें आहे. २००४ सालीं पडद्यावरील एका गोष्टीवर माणूस सरासरी अडीच मिनिटें थांबे; २०१२ च्या सुमारास ही वेळ ७५ सेकंदांवर आली; पुढच्या मोजण्यांत ती ४७ सेकंदांच्या आसपास आढळली. हा आंकडा माणसाला किती वेळ थांबतां येतें याचा नव्हे, तो किती वेळ थांबतो याचा आहे, हा भेद ध्यानांत ठेवावा. याच बाईंचें दुसरें निरीक्षण अधिक बोंचणारें आहे. कामांत येणारे व्यत्यय जितके बाहेरून येतात, जवळजवळ तितकेच माणूस स्वतःहून ओढवून घेतो. फोन न वाजतांच जो फोन उचलतो, त्याला दुसरा कोणी शत्रु कशाला हवा?

वाचनाविषयींहि पुरावा आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनांत २००० ते २०१७ या काळांतील ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांतील वाचकांची एकूण संख्या १,७०,००० हून अधिक होती. निष्कर्ष असा निघाला कीं, तोच मजकूर कागदावर वाचणारास पडद्यावर वाचणाराहून अधिक चांगला कळतो. वेळेचें बंधन असल्यास हा फरक अधिक दिसतो. आणि वर्षें लोटतील तसा फरक कमी न होतां वाढत गेला. कथा-कादंबरीच्या बाबतींत मात्र असा फरक आढळला नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. म्हणजे कांच स्वतः विषारी नाहीं. कांचेपुढें बसतांना आपण घाईचें एक मन घेऊन बसतों, आणि ज्या लेखनास विचार करीत वाचावें लागतें त्याला तें मन पुरें पडत नाहीं.

आतां निश्चिंतपक्षाकडे वळूं. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहतां मोठा भक्कम आहे. ते म्हणतात, “अहो, कादंबर्‍या आल्या तेव्हांहि जुने लोक असेच ओरडले!” गोष्ट खरी आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालींच नावल व नाटक यांविषयीं निबंध लिहून त्या काळच्या अद्भुत कथांचा कडक समाचार घेतला होता. पुढें १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आला. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. २ ऑक्टोबर १९७२ पासून मुंबईचें दूरदर्शन दिसूं लागलें. यांतील एकूणएक वस्तूवर तरुणांस बिघडविल्याचा आरोप आला, आणि तरीहि जग बुडालें नाहीं. म्हणून आजचा आरोपहि फोल, असें अनुमान हे लोक काढतात. परंतु लांडगा आला म्हणून तीनदां खोटी हांक दिली गेली, एवढ्यावरून चौथ्या वेळीं लांडगा येतच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. चौथ्या वेळीं रानाकडे पाहावें लागतें.

पाहिलें म्हणजे तीन भेद स्पष्ट दिसतात. पहिला भेद असा कीं, पूर्वींच्या सर्व करमणुकींना शेवट होता. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली; अंक वाचून संपला कीं यमूचें पुढें काय झालें याचा विचार करीत वाचकाला पुढच्या आठवड्याची वाट पाहावी लागे. लक्ष बांधणारी ती वाटच होती. चित्रपट संपला कीं दिवे लागत, नभोवाणी रात्रीं बंद होई. पण २००६ सालीं एझा रास्किन या अमेरिकन आरेखकानें पान कधींच न संपणारी रचना काढली: तळाशीं जावें तों नवा मजकूर आपोआप येऊन भिडतो. पुढें या गृहस्थानें आपल्या युक्तीबद्दल जाहीर पश्चात्तापहि व्यक्त केला. ज्या भांड्याला तळ नाहीं त्यांतून पिणाराला ‘आतां पुरे’ हें कसें कळावें?

दुसरा भेद असा कीं, नभोवाणी सर्वांस एकच गाणें ऐकवी. ऐकणाराकडे ती पाहत नसे. आजचें यंत्र पाहणाराला पाहतें. आपण कोठें थांबलों, किती क्षण थांबलों, काय पुन्हां पाहिलें, याची तें नोंद ठेवतें, आणि त्यावरून पुढचा घांस ठरवितें. तिसरा भेद पैशाचा आहे, आणि तोच सर्वांचें मूळ आहे. पुस्तक विकणारास आपण तें विकत घेतलें कीं मोबदला मिळतो. मग आपण तें कपाटांत ठेवा वा रात्रभर वाचा. फेसबुक-इन्स्टाग्रामची जी मालक कंपनी, तिचें जवळजवळ सारें उत्पन्न जाहिरातींचें आहे. म्हणजे आपण जितका वेळ तेथें घालवूं तितका तिचा गल्ला भरतो. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञानें १९७१ सालींच बजावलें होतें कीं, माहिती ज्याच्यापुढें येते त्याचें लक्ष ती खाते, तेव्हां माहितीचा सुकाळ झाला कीं लक्षाचा दुष्काळ पडणारच. त्यानें सांगितलेल्या दुष्काळांत धान्याचा व्यापार कोणी मांडला, हें आज आपण डोळ्यांनीं पाहत आहों. आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले, आणि हें दुकान घरोघर पोंचलें.

यावर एक चतुर आक्षेप येतो: “एका विषयावरून दुसर्‍यावर जाणें यांत वाईट तें काय? आपलें कीर्तन तरी काय होतें?” आक्षेप विचार करण्याजोगा आहे. नारदीय कीर्तनांत हरिदास खरोखरच एका ठिकाणीं थांबत नाहीं. अभंग, श्लोक, आर्या, विनोद, पूर्वरंगांतील निरूपण, उत्तररंगांतील आख्यान, मध्येंच गजर असें त्याचें चाललेलें असतें. श्रोता कंटाळूं नये म्हणून तो क्षणोक्षणीं रस बदलतो. परंतु आरंभीं जो अभंग घेतला त्याचें सूत्र तो कधीं सोडीत नाहीं. आख्यान संपतां संपतां तो त्याच चरणावर येऊन उभा राहतो, आणि दोन तासांपूर्वीं ऐकलेला शब्द नव्या अर्थानें श्रोत्याच्या ध्यानीं येतो. वैविध्य लक्षाचें वैरी नाहीं. सूत्र तुटणें हें वैरी आहे. रीलच्या मालिकेंत प्रथम रडणारें मूल, मग पुरणपोळीची कृति, मग कोठलें तरी युद्ध, मग नाच, मग शेअर बाजाराचा सल्ला. यांना जोडणारा दोरा एवढाच कीं, आपण पाहत राहावें. तास उलटल्यावर काय पाहिलें असें विचारा. हंसण्याखेरीज उत्तर मिळत नाहीं. युद्ध आणि पुरणपोळी यांना एकच भाव आला, याचें दुःख आम्हांस अधिक वाटतें.

“मग सरकारनें बंदी घालावी,” असें म्हणून कित्येक मोकळे होतात. बंदीचाहि अनुभव आपल्या गांठीस आहे. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली. तिचें कारण देशाचें सार्वभौमत्व व सुरक्षितता हें होतें, लोकांची एकाग्रता हें नव्हे. परंतु परिणाम आमच्या मुद्द्याचा आहे. त्याच जुलैंत इन्स्टाग्रामनें आपल्याकडे रील्स सुरू केलीं, सप्टेंबरांत यूट्यूबनें शॉर्ट्स आणलीं, आणि आंगठ्यांस एक हंगामहि उसंत मिळाली नाहीं. एक दुकान बंद झालें; गिर्‍हाईक तेंच राहिलें. ऑस्ट्रेलियांत १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची मनाई अमलांत आली आहे. अशा कायद्यांना आमचा विरोध नाहीं. लहान मुलांपुढें जुगाराचें यंत्र मांडणारास अडविणें हें राज्याचें कामच आहे. पण सोळाच्या खालच्यांस कायदा अडवील. पंचेचाळिशीच्या वरच्यांस कोण अडविणार?

आणि आमचा मुख्य आरोप याच पंचेचाळिशीवरच्या सुशिक्षितांवर आहे; अर्थात् तो आमच्यावरहि आहे. मूल जेवत नाहीं म्हणून त्याच्यापुढें फोन कोणीं उभा केला? मुलानें नव्हे. रात्रींच्या पंगतींतून बोलणें कोणीं घालविलें? आजी गांवाकडची एखादी हकीकत सांगूं लागली म्हणजे “हं, हं” म्हणत डोळे दुसरीकडे ठेवण्याची विद्या मुलांनीं कोणापासून घेतली? आपण घरांत पुस्तकें ठेवलीं, पण वाचतांना मुलांच्या दृष्टीस पडलों नाहीं. मूल कपाटाकडे पाहून शिकत नाहीं, तें माणसाकडे पाहून शिकतें. संपादक व प्रकाशक म्हणविणारेहि यांतून सुटत नाहींत. वाचकाला लांब वाचवत नाहीं असें गृहीत धरून त्यांनीं लेख आंखूड केले, मथळे भडक केले, प्रत्येक मजकुरावर ‘वाचनास लागणारा वेळ’ लिहूं लागले. आणि मग वाचक खरोखरच तसा झाला म्हणून गळा काढला.

यांत नुकसान होतें तें केवळ रसिकतेचें नाहीं. कादंबर्‍या कमी वाचल्या गेल्या तर एक वेळ चालेल. परंतु जगांतील महत्त्वाच्या पुष्कळ गोष्टी लांब असतात. कर्जाचा करारनामा लांब असतो. आजाराचा इतिहास लांब असतो. धरण, आरक्षण, शेतमालाचा भाव यांवरील वाद लांब असतात, आणि त्यांत दुसर्‍या बाजूचें म्हणणें बहुधा उत्तरार्धांत येतें. ज्याला उत्तरार्धापर्यंत जातां येत नाहीं, त्याला जन्मभर एकच बाजू ठाऊक राहते. असा मनुष्य मतदार असतो, पंच असतो, बाप असतो. दुःख सांगणार्‍या माणसाचें बोलणेंहि लांबच असतें. खरें दुःख तर तो अगदीं शेवटीं, उठतां उठतां सांगतो. तेथवर ऐकण्यास जो थांबला नाहीं, त्याला आपण काय चुकविलें हेंहि कळत नाहीं.

कोणी म्हणतील, “तुम्हांस हें लिहिणें सोपें आहे, आमची कचेरी फोनवर, मुलांच्या शाळेचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर, भाजीवाल्याचे पैसे फोनवर. टाकून द्यावयाचा कसा?” टाकून द्या असें आम्ही म्हणतच नाहीं. त्याच फोनवर मराठी विश्वकोश वाचतां येतो. परदेशीं राहणार्‍या मराठी माणसाला ज्ञानेश्वरी खिशांतून काढतां येते. हे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, नोकराला दाराशीं ठेवावें. त्याला देवघरांत, शेजघरांत आणि पंगतींत आणून बसवूं नये. जें काम आहे त्याची वेळ ठरवावी. जें काम नाहीं त्याची वेळ तर अवश्य ठरवावी.

हें होऊं शकतें याचें उदाहरण फार दूरचें नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या खेड्यानें २०२२ सालीं ठरविलें कीं, संध्याकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजला म्हणजे घरोघरचे फोन आणि टी. व्ही. दीड तास बंद ठेवावयाचे. त्या वेळांत मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, बोलावें. कोणत्याहि कायद्यानें त्यांस हें करावयास लाविलें नव्हतें. त्यांनीं केलेली महत्त्वाची गोष्ट ही कीं, भोंगा सर्वांसाठीं वाजविला, केवळ मुलांसाठीं नाहीं. एकट्यानें व्रत धरणें कठीण. सारी आळी धरते तेव्हां तें जमतें. ज्या गोष्टीसाठीं एका खेड्यानें भोंगा बसविला, ती आपल्या शहरांतील तीन खोल्यांच्या बिर्‍हाडांत, जेथें हांक मारली तरी सर्वांस ऐकूं जाते, अशक्य कां व्हावी?

तेव्हां शोकसभा आतां पुरे. ज्यांना मुलांच्या लक्षाची खरोखर काळजी आहे त्यांनीं आज रात्रीं जेवणापूर्वीं स्वतःचा फोन बंद करून दुसर्‍या खोलींत ठेवावा. मुलाचा नंतर, स्वतःचा आधीं. मग कपाटांतील एक पुस्तक काढून त्याचीं दहा पानें घरांत मोठ्यानें वाचावीं. पहिल्या दिवशीं हात चार वेळां खिशाकडे जाईल. जाऊं द्यावा, आणि परत आणावा. भटकलेलें लक्ष पुन्हां पुन्हां माघारीं आणणें यापलीकडे एकाग्रतेचा निराळा मंत्र आम्हांस ठाऊक नाहीं. पतंजलीनें अभ्यास म्हटलें आहे तो याहून वेगळा नसावा. मूल पहिल्या दिवशीं चुळबुळ करील, दुसर्‍या दिवशींहि करील. तिसर्‍या वा तेराव्या दिवशीं तें “पुढें काय झालें?” असें विचारील. त्या प्रश्नास उत्तर देण्यासाठीं आपण घरांत आणि भानावर असलों, म्हणजे पुरे.